लॅपटॉप-टॅबची बॅटरी टिकत नाही? नवी घेण्याआधी दोष कुठे आहे ते मोजा

"आधी पाच तास आरामात चालायचा, आता तीन तासांतच मान टाकतो. बॅटरी गेली का हो?" दुरुस्तीच्या टेबलावर ही तक्रार जितक्या वेळा येते तितकी दुसरी कुठलीच येत नाही. त्यावरचं उत्तरही बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं: हो, गेली, नवी टाका. काही हजार रुपये जातात आणि बरेचदा तोच लॅपटॉप थोड्या दिवसांत पुन्हा तीन तासांवर येतो, कारण दोष बॅटरीत नव्हताच.

साधा हिशेब करून बघा. बॅटरी ४५ वॉट-तासांची आहे (म्हणजे तिच्यात एवढी वीज मावते) आणि साध्या कामाला मशीन ९ वॉट खातंय, तर ४५ भागिले ९ म्हणजे पाच तास. आता बॅटरी म्हातारी होऊन २८ वॉट-तासांवर आली आणि खाणं तेवढंच राहिलं, तर तीन तास. उलट बॅटरी ठणठणीत ४५चीच आहे, पण मागे काहीतरी सतत चालू असल्यामुळे मशीन १५ वॉट ओढतंय, तरीही तीनच तास. वापरणाऱ्याला दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात. तिसरा प्रकार याहून चकवणारा. दिवसा सगळं ठीक चालतं, पण रात्री झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी रिकामा मिळतो. म्हणजे टाकीच लहान झालीय, नळ मोठा सुटलाय, की रात्रीत कुठेतरी गळतंय, हे आधी कळायला हवं. तिन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उपयोगाचे नाहीत. शिवाय हे कळायला एक पैसाही लागत नाही, म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी मोजा असं मी प्रत्येकाला सांगतो.

बॅटरीत दम किती उरलाय

विंडोज असेल तर हे काम दोन मिनिटांचं आहे. स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन अक्षरं टाइप करा, कमांड प्रॉम्प्ट दिसेल. त्यावर उजवी क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. काळ्या खिडकीत इंग्रजी लहान अक्षरांत पॉवर हा शब्द लिहा आणि त्याला चिकटूनच सी, एफ, जी. मग एक जागा सोडा, प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ द्या, आणि बॅटरी व रिपोर्ट हे दोन शब्द जोडून लिहा. एंटर दाबलं की अहवाल कुठे साठवला त्याचा पत्ता त्याच खिडकीत येतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा.

अहवाल लांबलचक असतो, पण सुरुवातीला फक्त तीन ओळी बघायच्या. डिझाइन कपॅसिटी म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत किती मावत होतं. फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती मावतं. सायकल काउंट म्हणजे किती आवर्तनं झाली. समजा पहिला आकडा ४५,००० मिलिवॉट-तास (म्हणजे ४५ वॉट-तास) आणि दुसरा २७,९०० आहे. भागाकार केला की ६२ टक्के. बॅटरीची तब्येत ती हीच. माझा ठोकताळा असा: ८० टक्क्यांच्या वर आकडा असेल तर बॅटरीला हात लावू नका, तुमचा चोर दुसरीकडे आहे. ६० ते ८०च्या मध्ये असेल तर खाणं कमी करून अजून बरेच दिवस काढता येतात. ६०च्या खाली गेली आणि काम अडत असेल, तर बदलायला हरकत नाही.

सायकल काउंटबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. चार्जर लावला-काढला की एक सायकल झाली, असं लोक धरतात. तसं नाही. आज अर्धी वापरून पुन्हा भरली आणि उद्या परत अर्धी वापरली, तर दोन्ही मिळून एक सायकल होते. काही मशीन हा आकडा देतच नाहीत, तिथे रेघ किंवा शून्य दिसतं. त्याने बिचकू नका, वरचे दोन आकडे पुरेसे आहेत.

त्याच अहवालात खाली बॅटरी युसेज नावाचा तक्ता आहे. तो बहुतेक जण न बघता पुढे जातात, पण मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. गेल्या काही दिवसांत मशीन बॅटरीवर किती वेळ चाललं आणि त्या वेळात किती मिलिवॉट-तास संपले, हे ओळीओळीने त्यात लिहिलेलं असतं. दोन तासांत २८,००० गेले असतील तर ताशी १४,०००, म्हणजे मशीन १४ वॉट ओढत होतं. लिहिणं, वाचणं, मेल असल्या कामाला पातळ १३-१४ इंची लॅपटॉप साधारण ५ ते ८ वॉटमध्ये भागवतो, १५ इंची ८ ते १२मध्ये. तुमचा आकडा याच्या दीडपट-दुप्पट असेल तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे.

मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरून सफरचंदाच्या मेनूत सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि पॉवरमध्ये जा. सायकल काउंट आणि कंडिशन तिथे दिसतं. गेल्या बऱ्याच वर्षांतल्या मॅकबुकची बॅटरी १,००० सायकलींसाठी बनवलेली असते. लिनक्सवाल्यांना यूपॉवर नाहीतर टीएलपी माहीत असतंच.

झाकण मिटलं, तरी लॅपटॉप जागाच

रात्री ८० टक्क्यांवर बॅगेत ठेवला आणि सकाळी काढला तर गरम, पंखा फिरतोय, बॅटरी १२ टक्क्यांवर. आता बहुतेक नव्या विंडोज लॅपटॉपवर ही तक्रार कधी ना कधी येते. त्यामागचं कारण एकदा समजून घेतलं की उपाय आपोआप सुचतो.

जुन्या लॅपटॉपमध्ये एस-३ नावाची झोप असायची. झाकण मिटलं की प्रोसेसर बंद, फक्त रॅमला जेमतेम वीज. नव्या मशीनमध्ये तिच्या जागी मॉडर्न स्टँडबाय आलं. कल्पना फोनसारखी: पडदा बंद, पण आतून जाग हलकी, मधूनमधून मेल आणायची, अपडेट बघायचं आणि पुन्हा डुलकी घ्यायची. सगळे भाग शहाण्यासारखे वागले तर रात्रभरात पाच-सात टक्केच जातात. पण वायफाय कार्डाचा जुना ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम), आवाजाची चिप, एखादा सिंक करणारा प्रोग्राम, यांतलं एक जरी अडून बसलं तर मशीन गाढ झोपेत जातच नाही. वर ते बॅगेत असतं, उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. म्हणजे नुकसान दुहेरी: त्या रात्रीची बॅटरी गेली आणि उष्णतेने तिचं आयुष्यही घटलं.

तुमच्या मशीनमध्ये कुठली झोप आहे ते बघायला त्याच काळ्या खिडकीत पॉवरसीएफजीपुढे एक जागा, तिरकी रेघ आणि नुसतं ए अक्षर द्या. यादीत एस शून्य, लो पॉवर आयडल असं दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय आहे. मग रेघेनंतर ए ऐवजी स्लीप आणि स्टडी हे शब्द जोडून लिहा. याला ॲडमिनिस्ट्रेटरची खिडकी लागतेच. येणाऱ्या अहवालात गेल्या काही दिवसांतली प्रत्येक झोप पट्टीसारखी दाखवलेली असते, जिथे जास्त बॅटरी गेली ती तांबडी. पट्टीवर क्लिक केलं की त्या वेळात कोण जागं होतं त्यांची नावं आणि टक्केवारी दिसते.

गेल्या पावसाळ्यात एका प्राध्यापक बाईंचा लॅपटॉप आला होता. कुठल्याशा दुकानात त्यांना नवी बॅटरी सांगितली होती. मोजली तर तब्येत ९१ टक्के. झोपेच्या अहवालात मात्र रात्रीची प्रत्येक पट्टी तांबडी आणि प्रत्येक पट्टीत सगळ्यांत वर वायफाय कार्डाचं नाव. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ताजा वायफाय ड्रायव्हर टाकला, रात्रभर ठेवला, पट्टी हिरवी झाली. बाई नवी बॅटरी घ्यायला निघाल्या होत्या, त्यांचं काम एका ड्रायव्हरमध्ये झालं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ड्रायव्हर नेहमी कंपनीच्या साइटवरून, आपलं मॉडेल टाकूनच घ्यायचा. सगळे ड्रायव्हर एका झटक्यात अपडेट करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाकू नका. ती स्वतःच मागे चालत राहतात आणि बॅटरी खातात.

ड्रायव्हरने भागलं नाही तर शोधत बसू नका, सरळ हायबरनेट वापरा. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन खरोखर बंद होतं. उघडल्यावर उघड्या फाइल्स जशाच्या तशा मिळतात, फक्त थोडे सेकंद जास्त लागतात. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे झाकण मिटल्यावर काय करायचं हा पर्याय आहे. ऑन बॅटरीच्या रकान्यात हायबरनेट निवडा, प्लग्ड इनमध्ये स्लीप राहिली तरी चालेल. यादीत हायबरनेट दिसतच नसेल तर काळ्या खिडकीत पॉवरसीएफजीपुढे रेघ, हायबरनेट, जागा आणि ऑन असं द्या, ते दिसायला लागेल. रोज बसने-लोकलने बॅग घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने, तक्रार असो वा नसो, एवढं करून ठेवावं.

बॅगेत ठेवायचा असेल तर आधी चार्जर काढा, दोन-चार सेकंद थांबा, मग झाकण मिटा. चार्जरवर असताना मशीन स्वतःला जास्त सैल सोडतं आणि झाकण मिटल्यानंतर पिन काढली तर काही मॉडेल तशीच जागी राहतात. बिनतारी माउसही बघा. त्याचा रिसीव्हर लॅपटॉपलाच असेल आणि माउस त्याच बॅगेत असेल, तर प्रत्येक धक्क्याला मशीन जागं होऊ शकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमधली जागं करण्याची खूण काढून टाका.

पूर्ण शटडाउन केलेला लॅपटॉपही उतरत असेल तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बघा. बंद असतानाही यूएसबीतून फोन चार्ज करू देणारी सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, आणि नेटवर्कवरून मशीन जागं करण्याची सोयही. लागत नसतील तर दोन्ही बंद करा. मॅकवर बॅटरीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कसाठी जागं होण्याचा पर्याय आहे, तो फक्त चार्जरवर असताना चालेल असा ठेवा.

दिवसा कोण खातंय

सगळ्यांत आधी उजेड. १५ इंची पडद्याचा उजेड पूर्णवरून निम्म्यावर आणला की दीड-दोन वॉट सहज वाचतात. आठ-नऊ वॉट खाणाऱ्या मशीनला ही बचत मोठी आहे. काळी पार्श्वभूमी ठेवली की बॅटरी वाचते हे मात्र ओलेड पडद्यापुरतंच खरं. साध्या एलसीडीत मागचा दिवा चालूच असतो, समोर काळं असो की पांढरं. पडदा १२० किंवा १४४ हर्ट्झचा असेल तर बॅटरीवर काम करताना ६०वर आणा, लिहिण्या-वाचण्यात फरक पडत नाही.

मग ग्राफिक्स कार्ड. वेगळं कार्ड असलेल्या लॅपटॉपमध्ये ते झोपलेलं असायला हवं. काम नसताना जागं राहिलं की पाच-दहा वॉट वर गेलेच म्हणून समजा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये दुसऱ्या जीपीयूवर (म्हणजे या वेगळ्या कार्डावर) हालचाल दिसतेय का बघा. दिसत असेल तर डिस्प्ले सेटिंगच्या ग्राफिक्स भागात तो प्रोग्राम निवडून पॉवर सेव्हिंग द्या. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची तार थेट त्या कार्डालाच जोडलेली असते. तिथे बाहेरचा मॉनिटर लावला की कार्ड झोपूच शकत नाही आणि त्यावर सेटिंगने इलाज नाही.

व्हिडिओंची गोष्ट थोडी खोलात सांगतो, कारण जुने लॅपटॉप वापरणाऱ्या मुलांचे तास इथेच जातात. यूट्यूब आता व्हीपी-९ आणि एव्ही-१ या पद्धतींनी दाबलेले व्हिडिओ पाठवतं. ते उलगडायची सोय चिपमध्येच असेल तर जेमतेम वीज लागते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये व्हीपी-९ची पूर्ण सोय सातव्या पिढीत आली, एव्ही-१ची अकराव्या पिढीत. त्याआधीच्या मशीनमध्ये सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं. नुसतं लेक्चर चालू आहे, तरी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्क्यांवर आणि पंखा कोकलतोय, असं दिसलं तर हेच कारण. व्हिडिओची क्वालिटी ४८०वर आणा. फळ्यावरचं लिहिलेलं तेवढ्यातही नीट वाचता येतं आणि खाणं चटकन खाली येतं. एच-२६४ हीच जुनी पद्धत मागणारी एक्स्टेन्शन ब्राउझरला मिळतात, जुन्या मशीनवर ती खरोखर उपयोगी पडतात.

बाकीचं भराभर सांगतो. ब्राउझरमध्ये न वापरलेले टॅब झोपवण्याची सोय क्रोम आणि एज दोन्हींत आहे, चालू करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजच्या पॉवर अँड बॅटरीमध्ये कुठल्या ॲपने किती खाल्लं ते टक्क्यांत दिसतं, आठवड्यातून एकदा डोळ्यांखालून घाला. तिथेच पॉवर मोड सर्वांत काटकसरीचा ठेवा. मोठं अपडेट झाल्यावर एक-दोन दिवस मशीन जास्त खातं, त्या दिवसांवरून मत बनवू नका. आणि तीन-चार वर्षांत आतली धूळ साफ केली नसेल तर ती करून घ्या. पंखा फिरवायलाही बॅटरीच लागते.

चार्जरवर असूनही उतरते

बॅटरी आणि मशीन दोन्ही चांगली असून ही तक्रार आली तर चार्जर आणि केबल बघा. यूएसबी-सीने चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला ६५ वॉट हवे असतात आणि घरात हाताशी फोनचा २५ वॉटचा चार्जर असतो. पिन बसते, चार्जिंगची खूण दिसते, पण काम जोरात असलं की येतं कमी आणि जातं जास्त. केबलचंही तसंच. साधी सी-टू-सी केबल ६० वॉटपर्यंतच नेते, त्यावर जायचं तर केबलमध्ये ओळख पटवणारी छोटी चिप लागते. चार्जरवर बारीक अक्षरांत लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर गुणले की वॉट मिळतात: २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर म्हणजे ६५.

टॅब

टॅबच्या बॅटरीवर मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात, लॅपटॉपवर वॉट-तास. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवू नका. टॅबच्या आकड्याला सुमारे ३.८ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की वॉट-तास येतात. ८,००० मिलिअँपिअर-तासांचा टॅब म्हणजे साधारण ३० वॉट-तास.

२०२४पासूनच्या आयपॅड प्रो आणि एअरमध्ये बॅटरीची तब्येत सेटिंगमध्येच दिसते, ८० टक्क्यांची मर्यादाही तिथेच लावता येते. सॅमसंगच्या टॅबवर सॅमसंग मेंबर्स ॲपमधली तपासणी चांगली की कमजोर एवढं सांगते. इतर अँड्रॉइडवर अक्युबॅटरी हे ॲप काही दिवसांच्या चार्जिंगवरून अंदाज काढतं. तो अंदाजच असतो, पण ४० टक्के गेलीय की १० टक्के हे कळायला पुरतो.

टॅब पडून असताना उतरत असेल तर सर्वांत आधी सिमकार्ड बघा. रेंज कमी असलेल्या गावात सिमवाला टॅब दिवसभर टॉवर शोधत बसतो आणि काही न करता बॅटरी संपते. घरी वायफाय असेल तर विमान मोड लावून वरून फक्त वायफाय चालू करा, फरक दुसऱ्याच दिवशी दिसेल. त्यानंतर सेटिंगमधल्या बॅटरीच्या यादीत पडदा बंद असतानाही खाणारं ॲप शोधा. बहुतेक वेळा ते लोकेशन सतत विचारणारं किंवा मुलांनी टाकलेलं फुकट गेम असतं. त्याची मागची हालचाल बंद करा, नाहीतर ते काढूनच टाका.

वापरून झालं की सगळी ॲप वर सरकवून बंद करायची सवय बऱ्याच जणांना असते. त्याने बॅटरी वाचत नाही. थांबलेलं ॲप जवळजवळ काहीच खात नाही, ते पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त लागतं. रॅम साफ करणारी, बॅटरी वाचवणारी म्हणून मिळणारी ॲपही काढून टाका. अँड्रॉइडमध्ये २०१५पासून डोझ नावाची, पडून असताना ॲप झोपवणारी सोय आहे, ती हे काम त्यांच्यापेक्षा चांगलं करते.

बॅटरी लवकर म्हातारी कशाने होते

मी अकोल्यात काम करतो. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जून-जुलैत टेबलावर फुगलेल्या बॅटऱ्यांची रांग लागते. लिथियम-आयन बॅटरीचे दोन वैरी आहेत, उष्णता आणि खूप वेळ १०० टक्क्यांवर भरून राहणं. दोन्ही एकत्र आले की ती झपाट्याने झिजते. आतल्या ऋण टोकावर एक पातळ थर जमत जातो आणि वापरात येणारं लिथियम त्यात अडकून पडतं. तापमान आणि व्होल्टेज जितकं जास्त तितका तो थर जोमाने वाढतो. तेवढी क्षमता पुन्हा येत नाही, कुठलंही ॲप ती परत आणू शकत नाही.

चार्जर लावून ठेवला की बॅटरी जास्त भरते आणि बिघडते, असं लोक म्हणतात. आतलं सर्किट भरली की थांबतं, ज्यादा भरत नाही. नुकसान होतं ते भरलेल्या अवस्थेत तासन् तास तापत राहिल्यामुळे. म्हणून दिवसभर टेबलावरच असणाऱ्या लॅपटॉपला ८० टक्क्यांची मर्यादा लावा आणि चार्जर खुशाल लावून ठेवा. लेनोव्होत व्हँटेज ॲपमध्ये कॉन्झर्व्हेशन मोड, असूसमध्ये माय-असूस, एचपीत बायॉसमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर, डेलमध्ये बायॉसमध्ये किंवा त्यांच्या पॉवरच्या ॲपमध्ये, मॅकवर ऑप्टिमाइझ्ड चार्जिंग, ते मात्र तुमची सवय बघून ८०वर थांबतं. नाव वेगळं, हेतू एकच. प्रवास असेल त्याच्या आदल्या रात्री मर्यादा काढून पूर्ण भरून घ्या. एखाद्या दिवशी १०० झाली तर काही बिघडत नाही.

पूर्ण संपवून मगच चार्ज करायचं ही जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांची शिस्त. लिथियमला ती नको, २०च्या आसपास लावलेलं बरं. अपवाद एकच: ३० टक्के दाखवत असताना मशीन अचानक बंद पडत असेल, तर मोजणारं सर्किट चुकलेलं असू शकतं. तेव्हा एकदा पूर्ण भरा, मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत वापरा आणि सलग पूर्ण भरा. त्यानंतरही ३०वरच बंद पडलं तर आतला एखादा सेल बसलाय, मग बॅटरी बदला.

उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. गाडीच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये टॅब ठेवून लग्नाला जाऊ नका. चार्जिंगला लावताना जाड कव्हर काढा. तापलेला टॅब फ्रीजमध्ये ठेवणारेही भेटतात. तसं अजिबात करू नका, आत ओल धरते. सावलीत, पंख्याखाली अर्धा तास पुरे. कॅनडात-जर्मनीत राहणाऱ्यांची अडचण उलटी: शून्याच्या खाली गारठलेल्या बॅटरीला चार्जर लावला तर आत धातूरूप लिथियम साचतं आणि तेही कायमचं नुकसान. आधी मशीन खोलीच्या तापमानाला येऊ द्या. सुट्टीत टॅब महिने-दोन महिने कपाटात राहणार असेल तर निम्मा भरून, पूर्ण बंद करून ठेवा. शून्यावर ठेवलेला टॅब कधीकधी परत उठतच नाही.

बदलायचीच असेल तर

एक तपासणी आत्ताच करा. लॅपटॉप मिटून सपाट टेबलावर ठेवा. तो डुलतोय का, टचपॅड वर आलाय किंवा दाबला जात नाहीये का, झाकणाच्या कडेला फट पडलीय का? टॅब असेल तर पडदा एका कोपऱ्यातून उचलला गेलाय का? यांतलं काहीही असेल तर बॅटरी फुगलीय. वरचे सगळे उपाय सोडा, चार्जर काढा, मशीन बंद करा. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू नका, विमानात नेऊ नका. ती काढून घेणं हे जाणकाराचं काम आहे, कारण छिद्र पडलं तर पेट घेते.

नवी घेताना जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॉट-तास जुळवा. नुसत्या लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागू नका, एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळ्या आकाराच्या बॅटऱ्या असतात. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे, लेबलवर आयएस १६०४६ हे मानक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बनल्याची तारीख बघा, दुकानात दोन वर्षं पडलेली बॅटरी न वापरताच झिजलेली असते. बसवल्या जागीच, पैसे द्यायच्या आधी, पुन्हा बॅटरी रिपोर्ट काढा. सायकल काउंट शून्याजवळ हवा आणि दोन्ही क्षमता जवळपास सारख्या. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, कचऱ्यात दबली की आग लागते. बॅटरी कचऱ्याच्या २०२२च्या नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या.

आणि दुकानात जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: मॉडेल, घेतल्याचं वर्ष, डिझाइन कपॅसिटी, आजची फुल चार्ज कपॅसिटी, साध्या कामात मशीन किती वॉट ओढतं, आणि रात्री झाकण मिटताना व सकाळी उघडताना बॅटरी किती टक्क्यांवर होती. समोरचा माणूस हा कागद बघून बॅटरी, ड्रायव्हर की चार्जर हे तुमच्यासमोरच सांगू शकेल, मशीन चार दिवस ठेवून घ्यायची गरज पडणार नाही.